साडेतीनशे रुपयांचे पॉवर सप्लाय किट: घ्यावे, पण कपॅसिटर आणि हीटसिंक बदलून

घरी इलेक्ट्रॉनिक्सचे प्रयोग करणाऱ्याला सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर यांच्या पाठोपाठ गरज भासते ती हवा तेवढा व्होल्टेज देणाऱ्या पॉवर सप्लायची. तयार सप्लाय महाग पडत असल्याने मी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका दुकानातून एलएम३१७ या रेग्युलेटर आयसीवर (व्होल्टेज ठरवलेल्या आकड्यावर स्थिर ठेवणाऱ्या चिपवर) आधारलेले, स्वतः जोडायचे किट साडेतीनशे रुपयांना आणले. घरातल्या विजेचा व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर त्यात येत नाही. माहितीपत्रकात सुचवल्याप्रमाणे १२ व्होल्ट, १ अँपिअरचा वेगळा घेतला.

बोर्ड खरोखर चांगला आहे. प्रत्येक भागाची जागा आणि मूल्य ठळक छापलेले आहे, आणि उलटा बसलेला एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) काढून मी पुन्हा डाग दिला तरी तांब्याचा पट्टा जागचा हलला नाही. नवशिक्याच्या हातून अशी चूक होतेच, म्हणून ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

काटकसर केली आहे ती व्होल्टेजचे चढउतार सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये. तो जास्तीत जास्त १६ व्होल्ट सोसणारा दिला आहे. १२ व्होल्ट एसीचे शिखर सुमारे १७ व्होल्ट असते आणि एसीचे डीसी करणाऱ्या ब्रिजमधील दोन डायोडचे जवळपास दीड व्होल्ट वजा केले तरी कपॅसिटरवर साडेपंधरा व्होल्ट येतात. लोड, म्हणजे वीज खाणारे काही जोडलेले, नसताना ट्रान्सफॉर्मर बारापेक्षा जास्तच देतो. माझ्या मल्टिमीटरने लोडशिवाय १७.८ व्होल्ट दाखवले, तेव्हा मी लगेच प्लग काढला आणि २५ व्होल्टचा कपॅसिटर आणून बसवला. एवढ्याशा किमतीच्या भागासाठी कंपनीने फुगण्याचा, फुटण्याचा धोका ग्राहकावर ढकलावा, हे मला अजिबात पटलेले नाही.

पाकिटावर ‘१.२५ ते ३० व्होल्ट’ असे लिहिले आहे, तेही दिशाभूल करणारे आहे. हा आयसी स्वतः ३७ व्होल्टपर्यंत देऊ शकतो, पण आत जेवढे येते त्यापेक्षा दोन-तीन व्होल्ट कमीच बाहेर मिळतात. त्यामुळे या ट्रान्सफॉर्मरवर साधारण तेराच्या पुढे जाता येत नाही. २४० ओहमच्या रेझिस्टरसोबत ५ किलोओहमचा पॉट (व्होल्टेज कमीजास्त करायचा, फिरवता येणारा रेझिस्टर) दिल्याने अर्ध्या फेऱ्यातच तेरा व्होल्ट येतात आणि उरलेला अर्धा फेरा निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी २.२ किलोओहमचा पॉट लावल्यावर व्होल्टेज बारकाईने जुळवता येऊ लागला.

आयसीची उष्णता बाहेर टाकणारे हीटसिंक म्हणून पत्र्याची जी घडी मिळते, ती पुरत नाही. ५ व्होल्टवर १० ओहमचा लोड लावला, म्हणजे अर्धा अँपिअर घेतला, की आयसीत सुमारे ५ वॅटची उष्णता होते. चार-पाच मिनिटांत पत्र्याला बोट लावता येईना आणि आतील संरक्षणामुळे व्होल्टेज आपोआप पडू लागला. शेवटी उद्यमनगरात एका वर्कशॉपमधून जाड ॲल्युमिनियमची पट्टी कापून, भोक पाडून आणली. आता तोच लोड तासभर चालतो. आयसीची धातूची पाठ आउटपुटला जोडलेली असते, म्हणून पट्टी लोखंडी डब्याला आवळताना मध्ये वीज अडवणारा अभ्रकाचा वॉशर घालणे आवश्यक आहे. माहितीपत्रकात याचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते ही त्यातील सर्वांत गंभीर उणीव आहे.

कपॅसिटर, पॉट, वॉशर आणि पट्टी यांना मला एकूण एकशे दहा रुपये जास्तीचे पडले. गेले दोन महिने हा सप्लाय माझ्या टेबलावर रोज वापरात आहे.