पोप्लाकडे अपील: पार्किंगच्या जादा मिनिटांचा हिशोब

इंग्लंडात रिटेल पार्क किंवा स्टेशनजवळच्या खासगी कार पार्कात दोन तासांचे पैसे भरले, बाहेर पडायला सव्वादोन तास लागले आणि आठ-दहा दिवसांनी १०० पाऊंडांचं पत्र दारात पडलं, की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'फाइन'. पण तो फाइन नाही, आणि आपल्याकडच्या चलानासारखा सरकारी कागदही नाही. बोर्डावरच्या अटी मान्य करून गाडी लावलीत, मग अट मोडलीत, त्याचं हे बिल, एवढंच कंपनीचं म्हणणं असतं. या पत्राला 'पार्किंग चार्ज नोटीस' म्हणतात आणि काउन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) पत्राला 'पेनल्टी चार्ज नोटीस'. दोघांचं लघुरूप पीसीएनच, त्यामुळे पुष्कळ जण चुकीच्या दारी जाऊन बसतात. काउन्सिलच्या नोटिशीसाठी वेगळं न्यायाधिकरण आहे. इथे फक्त खासगी नोटिशीबद्दल.

खासगी कंपन्यांच्या दोन संघटना आहेत. ब्रिटिश पार्किंग असोसिएशनच्या सभासद कंपनीविरुद्धचं अपील 'पोप्ला'कडे (पार्किंग ऑन प्रायव्हेट लँड अपील्स) जातं, इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटीच्या सभासदाविरुद्धचं 'आयएएस'कडे (इंडिपेंडंट अपील्स सर्व्हिस; कलेक्टर होणाऱ्यांच्या आयएएसशी याचा काही संबंध नाही). कुठे जायचं हे तुम्ही निवडू शकत नाही, कंपनी कोणाची सभासद आहे त्यावर ते ठरतं. नोटिशीच्या तळाशी लोगो असतो, तो आधी पाहून घ्या. दोन्हीकडे साधं अपील फुकट. आमचं मत आधीच सांगतो: पोप्ला वापरावी अशी सेवा आहे, मात्र तिच्याकडून दयेची अपेक्षा ठेवू नये. आयएएसबद्दल पुढे.

थेट पोप्लाकडे जाता येत नाही. आधी कंपनीकडेच अपील करायचं, २८ दिवसांच्या आत. शक्यतो पहिल्या १४ दिवसांतच करा, कारण तेवढ्यात भरणाऱ्याला ४० टक्के सूट असते (१००चे ६०), आणि त्या मुदतीत केलेलं अपील फेटाळलं तर सूट पुन्हा १४ दिवस खुली राहते. म्हणजे पहिल्या पायरीवर गमावण्यासारखं काही नाही. पोप्लाकडे गेलात की सूट संपते आणि हरलात तर पूर्ण रक्कम. हा जुगार पुराव्याकडे बघून खेळायचा, रागाच्या भरात नाही.

त्याच सुमाराला दुकानाच्या मॅनेजरला किंवा जागेच्या मालकालाही बिलाच्या पावतीसह लिहा. नोटीस रद्द करायला सांगण्याचा अधिकार बहुधा त्यांच्याकडे असतो, आणि शंभर पाऊंडांची खरेदी करणारं गिऱ्हाईक त्यांना गमवायचं नसतं. इस्पितळाच्या आवारातली नोटीस असेल तर तिथल्या 'पाल्स' या रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कक्षाला लिहा. अपीलापेक्षा ही वाट कितीदा तरी लवकर संपते.

आता मिनिटं. नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा गाडी आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ टिपतो. गाडी उभी किती वेळ होती, हे त्याला कळत नाही. समजा, आत ११:०२, जागा शोधून मशीनपाशी रांग लावून पैसे भरले ११:०९, तिकिटावर मुदत १३:०९, बाहेर १३:१८. नोटिशीवर '२ तास १६ मिनिटं' छापून येतं आणि वाचणाऱ्याला १६ मिनिटं जास्त झाल्यासारखं वाटतं. तिकिटाप्रमाणे मात्र जादा ९ मिनिटंच. दोन्ही संघटनांची समाईक आचारसंहिता १ ऑक्टोबर २०२४पासून लागू आहे. तिच्याप्रमाणे मुदत संपल्यावर निदान १० मिनिटांची सवड द्यावी लागते, आणि आत आल्यावर बोर्ड वाचून थांबायचं की नाही हे ठरवायला निदान ५ मिनिटं वेगळी. आत आल्यावर पाच मिनिटांत पैसे भरले नाहीत म्हणून नोटिसा निघू लागल्या आणि बरीच ओरड झाली, तेव्हा फेब्रुवारी २०२५मध्ये नियम बदलला. कॅमेऱ्याच्या कार पार्कात बाहेर पडण्याआधी पैसे भरले असतील, तर फक्त भरायला उशीर झाला म्हणून आता चार्ज लावता येत नाही. वरच्या उदाहरणातली सात मिनिटं त्यामुळे आडवी येत नाहीत.

पण एक मेख आहे. तिकिटाची वेळ पैसे भरल्यापासून मोजायची की आत आल्यापासून, हे बोर्ड ठरवतो. 'आत आल्यापासून' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर मुदत १३:०२ला संपली, जादा १६ मिनिटं झाली आणि सवड ओलांडली. म्हणून बोर्डाचा वाचता येईल असा फोटो आणि तिकीट किंवा ॲपची पावती, हे दोन कागद अपीलाचा कणा आहेत. सवडीची १० मिनिटं म्हणजे जास्तीचं फुकट पार्किंग, असंही समजू नका. ती निघण्यासाठी असते. बाहेर पडायच्या रांगेत अडकला असाल तर डॅशकॅमचं चित्रण किंवा सोबत्याने काढलेला वेळेसह फोटो जोडा. रांगेत उभी असलेली गाडी पार्क केलेली नसते, हा मुद्दा पुरावा असला तर चालतो, नुसता सांगितला तर हवेत विरतो.

कॅमेऱ्याची दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोन फेऱ्यांची एक करणं. सकाळी मुलाला क्लासला सोडलं, दुपारी आणायला गेलात. मधलं जाणं-येणं कॅमेऱ्याने टिपलं नाही, तर चार तासांचा मुक्काम दिसतो. मधल्या वेळेतली दुसरीकडची बँक नोंद, पेट्रोलची पावती, फोनमधला प्रवासाचा इतिहास यांनी हे खोडता येतं.

ॲपने पैसे भरणाऱ्यांचा घोळ निराळा. लोकेशन कोडचा एक आकडा चुकला की पैसे शेजारच्या कार पार्कात जमा होतात. गाडी बदललेली असते, पण ॲपमध्ये जुनाच नंबर राहिलेला असतो. नंबरातला एखाददुसरा वर्ण चुकला असेल, शून्याच्या जागी 'ओ' पडला असेल, तर अपील केल्यावर आचारसंहितेप्रमाणे नोटीस रद्द व्हायला हवी. सगळा नंबरच दुसऱ्या गाडीचा टाकला असेल तर रद्द नाही, पण पैसे भरल्याचं दाखवलंत तर रक्कम २० पाऊंडांवर यायला हवी, आणि ती १४ दिवसांत भरायची. हे कलम तुम्ही नाव घेऊन मागा. आपणहून कुणी देत नाही.

यानंतर कायद्याचा भाग, आणि जुन्या अपीलकर्त्यांचं लक्ष सगळ्यात आधी इथेच जातं. करार ड्रायव्हरशी झालेला असतो, पण कंपनीला डीव्हीएलएकडून (गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीकडून) मिळतं ते नोंदणीकृत 'कीपर'चं, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याचं नाव. कीपरकडून पैसे मागायचे तर प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२च्या चौथ्या परिशिष्टातली प्रत्येक अट पाळावी लागते. जागेवरच गाडीच्या काचेवर नोटीस लावलेली नसेल, तर टपालाने येणारी नोटीस घटनेनंतर १४ दिवसांच्या आत हातात पडायला हवी. ३ तारखेची घटना असेल तर १७पर्यंत. टपालात टाकलेलं पत्र दुसऱ्या कामाच्या दिवशी पोचलं असं कायदा धरतो, तेव्हा १६ तारखेला टाकलेलं पत्र लवकरात लवकर १८ला, म्हणजे उशिरा. काचेवर नोटीस लावली असेल तर टपालाच्या नोटिशीचा हिशोब २८ ते ५६ दिवसांचा. पार्किंगचा काळ, जागा, ड्रायव्हरचं नाव कळवण्याची विनंती आणि २८ दिवसांनंतर कीपर जबाबदार धरला जाईल ही सूचना, यांतलं काही राहिलं असेल तरी कीपरवरची जबाबदारी सुटते. स्वतःचे कायदे असलेल्या विमानतळासारख्या जागांना हे परिशिष्ट लागूच नाही.

हा मुद्दा टिकतो तो ड्रायव्हर कोण हे तुम्ही सांगितलेलं नसेल तरच. नाव सांगण्याची सक्ती खासगी नोटिशीत नाही. खोटं मात्र लिहू नका. 'गाडीचा नोंदणीकृत कीपर म्हणून लिहीत आहे' एवढं पुरतं, आणि पुढे सगळीकडे 'ड्रायव्हर'. मराठीत 'गाडी लावली' म्हटलं की कोणी लावली हे झाकलेलं राहतं. इंग्रजीत तसं लिहायला गेलं की 'आय पार्क्ड' हे दोन शब्द हात सोडत नाहीत आणि कीपरचा सगळा बचाव तिथेच संपतो.

नोकरीच्या ठिकाणाहून मिळालेली लीजची गाडी किंवा भाड्याची गाडी असेल तर आणखी बघण्यासारखं आहे. भाडं देणाऱ्या कंपनीने तुमचं नाव आणि भाडेकराराचे कागद कळवल्यापासून २१ दिवसांत तुम्हाला स्वतंत्र नोटीस यावी लागते, आणि त्या कागदांच्या प्रती नोटिशीसोबत जोडलेल्या असाव्या लागतात. त्या बहुधा नसतात.

पोप्लाचं कामकाज सरळ आहे. कंपनीने अपील फेटाळलं की पत्रात दहा आकडी कोड येतो. २८ दिवसांत वेबसाइटवर तो टाकून अपील भरायचं. छोट्या चौकटीत कोंबण्यापेक्षा मुद्द्यांना क्रमांक देऊन, फोटो त्या-त्या मुद्द्याखाली चिकटवून एकच पीडीएफ करा. मिनिटांचा हिशोब, नोटिशीतली उणीव, बोर्डांची अवस्था (उंची, अक्षरांचा आकार, रात्री उजेड), आणि जागेच्या मालकाने कंपनीला अधिकार दिल्याचा पुरावा मागणं, हे चार नेहमीचे खांब. मग कंपनी आपला पुरावा चढवते आणि तुम्हाला उत्तराला ७ दिवस मिळतात. बरेच जण इथे गाफील राहतात. बोर्डाचे फोटो जुने असणं, करारावरच्या महत्त्वाच्या ओळी काळ्या केलेल्या असणं, नकाशात दाखवलेला बोर्ड जागेवर नसणं, असं पुष्कळ काही त्या गठ्ठ्यात सापडतं. नवा मुद्दा मात्र या टप्प्यावर चालत नाही. बऱ्याचदा कंपनी पुरावा द्यायच्या ऐवजी माघारच घेते, आणि तेवढ्यावर तुम्ही जिंकता.

चालत नाहीत त्या गोष्टीही ऐका. गणपतीचा कार्यक्रम लांबला, मूल रडत होतं, बोर्ड दिसला नाही एवढंच, यावर पोप्ला निकाल देत नाही. नोटीस नियमाप्रमाणे निघाली का, इतकंच ती बघते. 'कंपनीचं एवढं नुकसान झालंच नाही' हा इंटरनेटवर अजून फिरणारा मुद्दा नोव्हेंबर २०१५मध्ये संपला. चेम्सफर्डच्या कार पार्कात दोन तास फुकट असताना ५६ मिनिटं जास्त थांबलेल्या बीव्हिस यांचं ८५ पाऊंडांचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि कोर्टाने ती रक्कम योग्य ठरवली. अपंगत्वामुळे जास्त वेळ लागला असेल तर तो दयेचा नव्हे, इक्वॅलिटी ॲक्ट २०१०चा मुद्दा आहे. तो तसाच मांडा, ब्लू बॅजच्या (अपंगांसाठीच्या पार्किंग परवान्याच्या) प्रतीसह.

उणिवा आहेत. पोप्लाचा खर्च पार्किंग कंपन्याच उचलतात. एकाच बोर्डाबद्दल दोन निर्णय दोन टोकांचे असू शकतात, आणि हरल्यावर वरचं अपील नाही. मात्र निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही, आणि हाच तिचा सगळ्यात मोठा गुण.

आयएएसकडे मुदत २१ दिवसांचीच. निर्णय देणारे वकील असतात, पण निकालावर त्यांचं नाव नसतं, आणि कंपनीने प्रथमदर्शनी प्रकरण उभं केलं की ते खोडण्याचा भार तुमच्यावर येतो. १४ दिवसांची मुदत चुकली असेल, म्हणजे तारखांनीच सिद्ध होणारा मुद्दा असेल, तर जरूर जा. बोर्ड नीट दिसत नव्हता एवढ्यावर जाण्यात फारसा अर्थ नाही.

हरलात आणि भरलं नाहीत, तर वसुली एजन्सीची पत्रं येतात आणि बहुधा ७० पाऊंड वर चढतात. एजन्सीवाले बेलिफ (कोर्टाच्या हुकमाने जप्ती करणारे) नव्हेत, त्यांना दारात येऊन काही उचलायचा अधिकार नाही. 'लेटर बिफोर क्लेम', म्हणजे दाव्याआधीची नोटीस, मात्र केरात टाकू नका. उत्तराला ३० दिवस असतात, आणि नंतर खरोखर काउंटी कोर्टाचा दावा येऊ शकतो: १०० अधिक ७०, कोर्ट फी ३५, वकिलाचे ५०, मिळून २५५ पाऊंड आणि व्याज. कोर्टाच्या कागदाला १४ दिवसांत पोच दिलीत की बचाव मांडायला एकूण २८ दिवस मिळतात. उत्तरच दिलं नाही तर एकतर्फी निकाल लागतो, आणि महिन्याभरात न भरलेली सीसीजे (काउंटी कोर्टाच्या निकालाची रक्कम) सहा वर्षं नोंदीवर राहून मॉर्गेज अडवते. घर बदलून लॉगबुकवरचा (गाडीच्या नोंदणीपत्रावरचा) पत्ता न बदललेल्यांना हे सगळं बँकेने नकार दिल्यावरच कळतं. भाड्याचं घर बदलाल त्याच आठवड्यात डीव्हीएलएच्या साइटवर पत्ता बदला, फुकट होतं.