होडोकूवर सुडोकूच्या तर्कयुक्त्या शिकताना : काही महिन्यांच्या वापरानंतर

वर्तमानपत्रातले रोजचे सुडोकू चहा संपेपर्यंत सुटते, पण ‘अतिकठीण’ असा शिक्का असलेले कोडे निम्मे भरल्यावर अडते आणि पुढे अंदाजाने अंक टाकून पाहण्यावाचून मार्ग दिसत नाही, अशा मधल्या पायरीवर बरेच जण वर्षानुवर्षे थांबलेले असतात. ही पायरी ओलांडावी म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी ‘होडोकू’ हा संगणकावर चालणारा मोफत प्रोग्राम नियमाने वापरत आहे. बर्नहार्ड होबिगर यांनी तो जावा या संगणकीय भाषेत लिहिला असून त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला आहे. कोडी सोडवणे, नवी तयार करणे, त्यांचे विश्लेषण करणे अशी बरीच कामे तो करतो. मी मात्र त्यातून तर्काच्या युक्त्या कितपत शिकता येतात, एवढ्यापुरतेच लिहीत आहे.

त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे मदत देण्याची रीत. याआधी फोनवर वापरलेल्या एका ॲपमध्ये ‘हिंट’ दाबले की एखाद्या घरात थेट अंक येऊन बसायचा आणि वर जाहिरात पाहावी लागायची. तो अंक तिथेच का, याचा पत्ता लागायचा नाही. होडोकूत मदत तीन टप्प्यांत मिळते. पहिल्या टप्प्यात केवळ युक्तीचे नाव कळते, दुसऱ्यात थोडा अधिक तपशील कळतो आणि तिसऱ्यात पूर्ण पायरी रंगांसह समोर येते : युक्ती ज्या अंकांवर उभी आहे ते एका रंगात आणि त्यामुळे खोडले जाणारे अंक दुसऱ्या रंगात. मी बहुतेक वेळा पहिल्या टप्प्यावरच थांबते. ‘इथे एक हिडन पेअर आहे’ (म्हणजे एखाद्या ओळीत वा चौकटीत दोन अंक फक्त त्याच दोन घरांत बसू शकतात) एवढे कळले की शोधाची दिशा ठरते, पण शोध आपल्यालाच घ्यावा लागतो, आणि असा स्वतः शोधलेला नमुना पुढच्या कोड्यात आपोआप नजरेला पडू लागतो.

युक्त्या कोणत्या क्रमाने शिकाव्यात, याबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे. एक्स-विंग, स्वोर्डफिश या अवघड युक्त्यांची नावे आकर्षक असल्यामुळे नवखे लोक थेट त्यांच्याकडे धाव घेतात, परंतु माझ्या अनुभवात अडलेल्या कोड्यांपैकी पुष्कळशी लॉक्ड कँडिडेट्स या साध्या युक्तीच्या उपेक्षेमुळे अडलेली असतात. तिच्या दोन बाजू आहेत. नऊ घरांच्या एखाद्या चौकटीत ५ हा अंक फक्त वरच्या आडव्या ओळीतील घरांतच बसू शकत असेल, तर त्या ओळीच्या उरलेल्या घरांतून ५ बाद होतो. ही बाजू बहुतेकांना कोणी न शिकवताही जमते. दुसरी बाजू अशी की, एखाद्या आडव्या ओळीत ५ साठी उरलेल्या सगळ्या जागा एकाच चौकटीत येत असतील, तर त्या चौकटीच्या बाकीच्या दोन ओळींतून ५ खोडता येतो. तर्क तोच असला तरी डोळ्यांना चौकटीकडून ओळीकडे पाहण्याची सवय असते, ओळीकडून चौकटीकडे नसते, आणि म्हणून ही दुसरी बाजू हमखास निसटते. होडोकूत एखादी युक्ती निवडून केवळ तिचाच सराव करण्याची सोय आहे. प्रोग्राम त्या युक्तीची गरज पडेल अशीच कोडी तयार करून देतो. या एका युक्तीवर मी मुद्दाम बराच वेळ घालवला आणि त्याचा उपयोग पुढे आलेल्या साऱ्या भारदस्त नावांपेक्षा अधिक झाला.

एक्स-विंगसाठी वरच्या पट्टीवरील १ ते ९ ही बटणे फार उपयोगी पडतात. ६ चे बटण दाबले की ज्या ज्या घरांत ६ येऊ शकतो ती घरे हिरवी होतात. समजा, दुसऱ्या आडव्या ओळीत केवळ तिसरे आणि आठवे घर हिरवे आहे आणि सातव्या ओळीतही नेमकी हीच दोन घरे हिरवी आहेत. मग दोन्ही ओळींतले ६ या चार कोपऱ्यांपैकी समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यांत बसणार, म्हणजेच तिसऱ्या उभ्या ओळीतला एक आणि आठव्या उभ्या ओळीतला एक ६ तिथेच खर्ची पडणार. त्यामुळे या दोन उभ्या ओळींतील इतर सर्व घरांतून ६ काढून टाकता येतो. हे शब्दांत वाचताना किचकट वाटते, हिरव्या घरांत पाहताना मात्र चटकन दिसते.

माझी सर्वांत आवडती युक्ती एक्सवाय-विंग आहे, कारण तिच्यात ‘हे नसेल तर ते’ असा विचार उघडपणे करावा लागतो आणि तरीही तो अंदाज ठरत नाही. उदाहरणार्थ, पाचव्या आडव्या ओळीतील पाचव्या घरात फक्त २ किंवा ७ येऊ शकतो. त्याच ओळीतील पहिल्या घरात २ किंवा ४ आणि पाचव्या उभ्या ओळीत खाली, आठव्या आडव्या ओळीत, ७ किंवा ४ अशा शक्यता आहेत. मधल्या घरात २ आला तर डावीकडच्या घराला ४ घ्यावाच लागतो. ७ आला तर खालच्या घराला ४ घ्यावा लागतो. काहीही झाले तरी या दोहोंपैकी एका घरात ४ येतोच. आता आठव्या आडव्या ओळीतील पहिल्या घराकडे पाहावे : ते एका घराच्या उभ्या ओळीत आहे आणि दुसऱ्याच्या आडव्या ओळीत, म्हणून तिथे ४ कदापि येऊ शकत नाही. ज्या घराशी मधले घर वरवर पाहता बोलतही नाही, तिथला अंक असा खोडला जातो तेव्हा पहिल्यांदा जो आनंद होतो, त्यासाठी हा सगळा खटाटोप सार्थकी लागला असे मी म्हणेन. केवळ दोनच शक्यता असलेली घरे रंगवून दाखवणारे वेगळे बटण आहे, ते दाबल्याशिवाय अशा जागा सापडायला सुरुवातीला फार वेळ लागतो.

युनिक रेक्टँगल या युक्तीबद्दल मात्र माझे मन अजून साशंक आहे. दोन आडव्या, दोन उभ्या ओळी आणि दोन चौकटी यांत वसलेल्या चार रिकाम्या घरांपैकी तिघांत १ व ९ एवढेच अंक शक्य असतील आणि चौथ्यात १, ९ व ५, तर चौथ्यात ५ च यायला हवा. अन्यथा १ आणि ९ यांची अदलाबदल करून दोन उत्तरे निघतील. तर्क बिनचूक आहे, पण तो ‘कोड्याला एकच उत्तर आहे’ या कोडेकर्त्याच्या शब्दावर विसंबतो. स्पर्धेत वेळ वाचवण्यासाठी ते ठीक. शिकताना मी प्रोग्रामच्या सेटिंगमधून ही युक्ती बंद ठेवली आहे. कोणत्या युक्त्या वापराव्यात आणि कोणत्या क्रमाने, हे ठरवण्याची मुभा होडोकू देतो, ही गोष्ट मला विशेष वाटते.

कोडे किती अवघड, हे प्रोग्राम लागणाऱ्या युक्त्यांवरून ठरवतो आणि सोप्यापासून अतिकठीणापर्यंत पाच पातळ्या लावतो. दिलेले अंक कमी म्हणजे कोडे अवघड, हा समज यामुळे लवकर मोडतो. कमीत कमी १७ अंक दिल्याशिवाय एकच उत्तर असलेले सुडोकू होऊ शकत नाही, हे २०१२ मध्ये गॅरी मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी संगणकाच्या साहाय्याने दाखवले. पण अशी सतरा अंकी कोडी ८१ आकड्यांच्या एका ओळीत पेस्ट करून तपासली तर त्यांतली बरीचशी एकेका अंकाच्या साध्या शोधानेच सुटतात. उलट भरपूर अंक दिलेले एखादे कोडे डोक्याला ताप देते. प्रोग्रामने तयार केलेल्या कोड्यांना चव मात्र नसते, हे मान्य करावे लागेल. जपानच्या निकोली या प्रकाशन संस्थेने हाताने रचलेल्या, दिलेल्या अंकांची मांडणी सममित असलेल्या कोड्यांची जी परंपरा जोपासली, तिच्यातले कोडे सोडवताना समोर माणूस बसला आहे असे जाणवते. म्हणून सराव होडोकूवर आणि रविवारची चैन हाताने रचलेल्या कोड्यांवर, अशी वाटणी मी केली आहे.

उणिवा सांगायच्या तर हा प्रोग्राम फोनसाठी नाही, त्यासाठी संगणकावर जावा बसवलेली असावी लागते आणि त्यात मराठी नाही. मूळ आवृत्ती जुनी असल्यामुळे दिसायलाही तो जुन्या वळणाचा आहे; मला त्याचे काही वाटत नाही, पण चकचकीत ॲपची सवय असलेल्यांचा पहिल्याच दिवशी विरस होईल.

अधिक महत्त्वाची अडचण वेगळी आहे. होडोकू प्रत्येक रिकाम्या घरात सगळे शक्य अंक मांडून देतो. त्या गर्दीत नेकेड पेअर (फक्त तेच दोन अंक शक्य असलेली दोन घरे) लगेच दिसते, हिडन पेअर मात्र इतर अंकांखाली झाकली जाते. कागदावर नेमके उलटे घडते. तीनदा सुडोकूचे जगज्जेतेपद मिळवणाऱ्या थॉमस स्नायडर यांच्या नावाने ओळखली जाणारी टिपणपद्धत वापरली, म्हणजे एखादा अंक चौकटीत केवळ दोनच घरांत शक्य असेल तेव्हाच तो कोपऱ्यात लिहिला, तर तीच दोन घरे पुन्हा दुसऱ्या अंकाला मिळाली की हिडन पेअर आपोआप हाती येते. ही पद्धत पडद्यावर शिकायला मिळत नाही, त्यामुळे ज्यांना वर्तमानपत्रातले कोडे पेन्सिलीने सोडवायचे आहे त्यांनी आपोआप भरले जाणारे अंक लपवून, आठवड्यातून दोन-तीन कोडी तरी छापून घेऊन सोडवावीत, आणि अडल्यावर ती होडोकूत भरून फक्त पहिल्या टप्प्याची मदत घ्यावी. एक्सवाय-विंगच्या पलीकडच्या, ‘हे नसेल तर ते’ अशा विचारांच्या लांब साखळ्या मी अजून शिकत आहे; त्यांच्यासाठी मात्र सगळे अंक मांडलेला पडदाच सोयीचा ठरतो.