चंद्रपूरचा उन्हाळा आणि बाबांच्या खोलीतला एअर प्युरिफायर

आम्ही तुकुमला राहतो. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या गच्चीवरून दिसतात आणि सकाळी दोरीवरचा पांढरा शर्ट काढला की त्यावर काळी कणी असतेच. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली, त्यात आमचं गाव चौथं होतं. बाबांनी 31 वर्षं कोळसा खाणीत काढली, आता त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या आक्रसण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. म्हणून गेल्या डिसेंबरात 11,500 रुपयांचा प्युरिफायर घेतला.

थंडीत त्याने पैसे वसूल केले. खोली 10 बाय 12, छत 10 फूट, म्हणजे साधारण 34 घनमीटर हवा. यंत्र तासाला 250 घनमीटर हवा गाळतं. दारं-खिडक्या लावल्या की खोलीतली सगळी हवा तासाला सातेक वेळा फिल्टरमधून जाते. रात्री पीएम 2.5चा, म्हणजे हवेतल्या अतिबारीक धुळीचा, यंत्रावरचा आकडा 140 असायचा, तो अर्ध्या तासात 20वर यायचा. (आपल्याकडे 24 तासांची मर्यादा 60 आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 15.) बाबांचा पहाटेचा खोकला पंधरा दिवसांत उतरला. "छाती मोकळी वाटून राहिली बाई," असं ते एके सकाळी आपणहून म्हणाले.

एप्रिलात पारा 43च्या वर गेला, कूलर लावला आणि आकडा 110वर जाऊन तिथेच बसला. प्युरिफायर विकणाऱ्याने "दोन्ही एकत्र चालवा, काही होत नाही" असं ठासून सांगितलं होतं. ते चुकीचं होतं. आमचा लोखंडी कूलर तासाला साडेतीन हजार घनमीटर बाहेरची हवा आत ढकलतो. ताट्यांमध्ये जाड धूळ अडकते, पण पीएम 2.5 हे केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे कण, ते सरळ आत येतात. खिडकी लावली तर खोली नुसती दमट होते, म्हणून ती उघडी ठेवावीच लागते. साडेतीन हजारांपुढे अडीचशे काय करणार! शिवाय दमट हवेत सेन्सरचा आकडाही फुगतो, त्यामुळे खरं किती ते कळत नाही.

मी तेव्हा एक मोठी चूक केली. आकड्याच्या मागे लागून दुपारी कूलर बंद ठेवला. मे महिन्यात एका दुपारी बाबा उठताना भेलकांडले. नाडी 118, ऑक्सिजन 88. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि समजावून सांगितलं: उन्हाळ्यात शरीर रक्त कातडीकडे पाठवतं, हृदयाला जास्त पळावं लागतं, घामाने पाणी जातं आणि बाबांची लघवीची गोळी त्यात भर घालते. गरमीने श्वास वाढतो, म्हणजे तेवढीच जास्त धूळ फुप्फुसात. आधीच सुजलेल्या श्वासनळ्यांना हे दोन्ही एकदम सोसत नाही. गोळीचा डोस त्यांनी उन्हाळ्यापुरता कमी करून दिला.

त्यानंतर एक टनाचा एसी घेतला. तो खोलीतलीच हवा फिरवतो, म्हणून त्याच्या जोडीला प्युरिफायर पुन्हा कामाला लागला. दुपारी 12 ते 5 एसी 27वर, वर पंखा, आकडा 30च्या आत. रात्री बाहेर थोडं निवलं की कूलर, आणि तेव्हा प्युरिफायर बंद. विजेचं बिल महिन्याला 1,800 रुपयांनी वाढलं. अख्ख्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाबांना एकदाही दवाखान्यात न्यावं लागलं नाही, मला ते बिल भरताना काही वाटलं नाही.

तक्रार फिल्टरची. माहितीपत्रकात 12 महिने लिहिलंय, आमचा सहाव्या महिन्यात काळाठिक्कर झाला. नवा 2,300 रुपयांना, आणि मेमध्ये दुकानात शिल्लक नव्हता. बाहेरची जाळी मी दर रविवारी धुते, पाणी राखाडी निघतं.

घरात एसी असेल किंवा थंडीपुरता वापर असेल तर हे यंत्र जरूर घ्या. फक्त कूलर असेल तर हे पैसे ठेवून द्या, वाळ्याच्या ताट्या बदला, टाकीतलं पाणी रोज बदला, आणि म्हाताऱ्या माणसाच्या खोलीतला कूलर धुळीच्या भीतीने कधीही बंद करू नका.