सहा कॅट, एक शू आणि समोर बसणारा माणूस

खोक्यातून निघतं ते असं: पूर्ण प्लास्टिकचे सहा कॅट, पारदर्शक ॲक्रिलिकचा शू (पत्ते एकेक ओढून काढायची पेटी), वापरलेले पत्ते ठेवायचा उभा ट्रे, वाटप कुठे थांबवायचं ते दाखवणारी दोन पिवळी कट-कार्डं, हिरवी घडीची मॅट आणि दोनशे चिप्स (पैशाऐवजी लावायच्या चकत्या). सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आसपास. ब्लॅकजॅक म्हणजे एकवीसच्या पुढे न जाता, पत्ते वाटणाऱ्या डीलरहून मोठी बेरीज करायचा कॅसिनोतला खेळ. त्यात पत्ते मोजायला, म्हणजे निघालेल्या पत्त्यांवरून उरलेल्यांचा अंदाज बांधून बोली आणि डाव ठरवायला, शिकणाऱ्यांसाठी हा सरावसंच विकला जातो. सांगलीत सुटे पत्ते हवे तेवढे मिळतात, शू आणि ट्रे मात्र बाहेरूनच मागवावे लागतात.

आमचं मत आधीच सांगतो. पत्ते उत्तम, ट्रे हवाच, शू कामचलाऊ, चिप्स आणि मॅट निरुपयोगी. पण विकणारा एक गोष्ट सांगत नाही. हा संच एकट्याच्या हातात अर्धाच चालतो. उरलेला अर्धा भाग म्हणजे समोर पत्ते वाटणारा आणि शेजारी बसून चूक पकडणारा माणूस, आणि तो खोक्यात येत नाही.

पत्ते 63 मिलिमीटर रुंदीचे आहेत. घरात पडलेले रमीचे कॅट बहुधा 57 मिलिमीटरचे असतात. पैसे वाचवायला ते या शूमध्ये घातले की तिरके होतात आणि तोंडाशी दोन-दोन एकदम निघतात. सहाही कॅटांची पाठ एकाच रंगाची आहे, हे बरं केलं आहे. आल्या आल्या करायचं काम एकच: प्रत्येक कॅट वेगळा मोजा आणि जोकर बाजूला काढा. एक पत्ता कमी किंवा दुबार असेल तर पुढचा सगळा सराव खोट्या तराजूवर होतो.

कागदी पत्ते स्वस्त पडतात, पण कृष्णाकाठच्या पावसाळ्यात त्यांचा भरवसा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ते ओल धरून फुगतात, आणि इथे जाडीलाच किंमत आहे. एका कॅटाची जाडी साधारण दीड सेंटिमीटर, सहांची नऊच्या थोडी वर. ट्रेमधल्या थप्पीची उंची बघून शूमध्ये किती कॅट उरले याचा अंदाज बांधायचा असतो. थप्पी दहा टक्के फुगली, तर सहा कॅटांमागे अर्ध्या कॅटाहून जास्त चूक होते. प्लास्टिकचे पत्ते फुगत नाहीत. ओल्या फडक्यानं पुसले की झालं. पावडर लावू नका, ती शूच्या तोंडाशी साचते.

या अंदाजाचं महत्त्व कळायला मोजणी थोडक्यात सांगायला हवी. हाय-लो पद्धतीत दुर्री ते छक्की अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वी शून्य, दश्शी-गुलाम-राणी-राजा-एक्का उणे एक. एका कॅटात वीस अधिक, बारा शून्य, वीस उणे, म्हणजे शेवटी बेरीज शून्यच यायला हवी. टेबलावर मात्र चालू बेरजेला उरलेल्या कॅटांनी भागावं लागतं. बेरीज अधिक आठ आणि दोन कॅट उरले, तर खरी मोजणी अधिक चार. तेच अडीच उरले असतील, तर तीनच्या जरा वर. आपल्या हातात सोळा असताना डीलरचा दहा दिसतोय, तर खरी मोजणी शून्य किंवा वर असेल तेव्हा थांबायचं. पंधरावर थांबायला अधिक चार लागते. इन्शुरन्स, म्हणजे डीलरचा एक्का दिसत असताना त्याच्या ब्लॅकजॅकवर लावायची जोडबोली, अधिक तीनपासून घ्यायचा. म्हणजे अर्ध्या कॅटाची चूक शू संपत येताना निर्णयच फिरवते. संचातल्या ट्रेवर कॅटाच्या खुणा नाहीत, ही आमची एक तक्रार. एक, दोन, तीन कॅट ठेवून मार्करनं रेघा ओढा आणि महिन्याभरानं त्या पुसा.

शूमधला मागून ढकलणारा ठोकळा हलका आहे. शेवटचे तीस-चाळीस पत्ते पुढे सरकत नाहीत. याचा त्रास मात्र होत नाही, कारण कट-कार्ड साडेचार कॅटांनंतर घालायचं असतं. तिथवर शू पोचतो.

आता माणसं.

पत्ते वाटायला रमी चांगली खेळणारी मावशी किंवा काकू मिळाली तर तुमचं नशीब. त्यांचे हात सरावलेले असतात, पत्ता उलटतानाच त्यांना तो कळलेला असतो. त्यांना शिकवावी लागते ती निर्दयता. डीलरला स्वतःची मर्जी नसते. सोळापर्यंत घ्यायचंच, सतरावर थांबायचंच. एक्का अकरा धरून होणाऱ्या सतरावर काय करायचं ते आधी ठरवून कागदावर लिहा आणि तो कागद शूखाली सरकवा. नाहीतर "राहू दे बाळा, अजून एक घे" सुरू होतं आणि सराव प्रेमात वाहून जातो.

दुसरी जागा तपासणाऱ्याची. ही सगळ्यांत मोलाची, आणि तिथे बसणाऱ्याला खेळता खेळता भराभर मोजणी यायची गरजच नाही. कट-कार्ड आलं की खेळणाऱ्यानं बेरीज मोठ्यानं सांगायची, समजा अधिक सहा. तपासणाऱ्यानं उरलेले 78 पत्ते शांतपणे मोजायचे. ते उणे सहा भरले तर बरोबर, कारण सगळा शू मिळून शून्य व्हायला हवा. पन्नाशीतला माणूसही हे अर्ध्या तासात शिकतो. मात्र शूचा पहिला पत्ता न दाखवता बाजूला टाकत असाल, तर तो या 78 मध्ये मिसळा.

तपासणाऱ्यानं पत्त्यांइतकंच ओठांकडे बघावं. नवशिक्या मोजताना ओठ हलवतो आणि "उणे" म्हणताना तर हमखास. "उणे नऊ"ऐवजी मनात "खाली नऊ" म्हटलं तरी चालतं, शब्द कुठलाही असो, तो ओठांवर यायला नको. दुसरी खूण हाताची: मोठी बेरीज आली की काही जण चिप्सना उगाच हात लावतात.

तिसऱ्या माणसानं पिट बॉस, म्हणजे कॅसिनोत टेबलांवर नजर ठेवणारा, व्हावं. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, तर एवढा अभिनय घरात मिळायला हरकत नाही. पत्ते पडत असताना त्यानं विचारायचं: कुठून आलात, काय करता, जेवण झालं का? खेळणाऱ्यानं उत्तर देत मोजणी सांभाळायची. उत्तर खऱ्याच्या जवळचं ठेवा. "हळदीचं काम आहे" म्हणणाऱ्याला समोरचा हळदीचा भाव विचारू शकतो. ओळखपत्र तर खरंच द्यायचं, तिथे नाटक चालत नाही.

चौथा माणूस असलाच तर त्याला शेजारचा चिडका खेळाडू करा. खऱ्या टेबलावर बारावर डीलरच्या तिर्रीसमोर तुम्ही पत्ता घेतलात आणि डीलर जिंकला, की "माझा पत्ता खाल्लास" म्हणून ओरडणारा भेटतोच. त्याच्या रागात गणित नसतं. शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाच्या निर्णयानं इतरांचं दीर्घकाळात भलंही होत नाही आणि वाईटही नाही. हे माहीत असूनही माणूस त्या रागाला भिऊन चुकीचा निर्णय घेतो, आणि ही भीती पुस्तकातून जात नाही. घरी चार वेळा ओरडून घेतलं की जाते.

मोजणी हरवली तर मोठ्यानं तसं सांगायचं आणि नवा शू होईपर्यंत किमान बोलीवर खेळायचं. हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात जोडीदारासमोर, भावासमोर "हरवली" म्हणणं फार थोड्यांना जमतं. बरेच जण आकडा ठोकून देतात, आणि तपासणारा नेमकं तेच पकडतो. अमेरिकेत 1980 च्या दशकात एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या ब्लॅकजॅक संघात सामाईक पैशाला हात लावण्याआधी प्रत्येकाला अशी परीक्षा द्यावी लागे. दुसऱ्याच्या पैशानं खेळताना चूक कबूल करणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे.

वहीत तारीख, शू क्रमांक, सांगितलेली बेरीज, खरी बेरीज, निर्णयाच्या चुका आणि बोलीच्या चुका असे रकाने करा. रुपयांचा रकाना नको. कारण सांगतो. एका डावाचा चढउतार बोलीच्या सुमारे 1.15 पट असतो. हजाराची सपाट बोली लावून शंभर डाव खेळलात, तर अर्ध्या टक्क्याचा फायदा म्हणजे पाचशे रुपये, आणि नेहमीचा चढउतार दोन्ही बाजूंना साडेअकरा हजारांचा. अचूक खेळलेला आणि धांदरट खेळलेला, दोघंही पणजीच्या कॅसिनोतून परतून सांगली स्टँडवर उतरतात तेव्हा खिशावरून कोण कुठला ते ओळखता येत नाही. घरच्यांना फक्त खिसा दिसतो. जिंकलात तर हुशार, हरलात तर जुगारी, आणि दोन्ही निवाडे निराधार. कसब मोजता येतं ते या संचाच्या ट्रेपाशीच. घरच्यांना वही दाखवा: शंभर शूंत मोजणी किती वेळा चुकली. ती संख्या खाली येत नसेल तर गोव्याचं तिकीट काढण्यात अर्थ नाही.

आणि येत असेल तरी गणित पुरं करा. चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर 1 ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. वीस हजारांच्या चिप्सवर आठ हजार. सरासरी दीड हजाराच्या बोलीनं तीनशे डाव खेळून एक टक्क्याचा फायदा मिळाला, तर अपेक्षित कमाई साडेचार हजार. कर कॅसिनोच्या प्रवेश-तिकिटात गुंडाळलेला असो वा वेगळा लावलेला, तो कुठून तरी वसूल होतोच. वर जिंकलेल्या पैशावर 30 टक्के आयकर आणि उपकर, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही. नैसर्गिक ब्लॅकजॅकला (पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस) दोनास तीनऐवजी पाचास सहा देणारं टेबल असेल, तर आणखी 1.4 टक्के गेले. म्हणून "यावर घर चालेल" असं बायकोला, आईला सांगून हा संच विकत आणू नका. गणिताची आणि एकाग्रतेची कसरत म्हणून आणलात तर तो पैसे वसूल करतो.

मोजणी करणं म्हणजे फसवणूक नाही, डोक्यानं खेळणं आहे. तरीही कॅसिनोला असा गिऱ्हाईक नको असतो. अमेरिकेतल्या नेवाडात तो बाहेर काढता येतो. न्यू जर्सीत, पत्ते मोजणारे खेळाडू केन उस्टन यांच्या खटल्यात 1982 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कॅसिनोला स्वतःहून तशी बंदी घालता येत नाही असं ठरवलं. आपल्याकडे कोणी खांद्यावर हात ठेवून "साहेब, दुसरं काही खेळा" म्हणालं, तर वाद न घालता चिप्स मोडून उठायचं. पिट बॉसचं काम करणाऱ्यानं घरी हे वाक्यही अधूनमधून म्हणावं. उठणाऱ्याचा चेहरा कसा होतो ते बघण्यासारखं असतं.

विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये सहा कॅट पिसण्याचा आवाज रात्री भिंतीपलीकडे जातो, आणि सोसायटीत "यांच्याकडे क्लब चालतो" व्हायला दोन रात्री पुरतात. महाराष्ट्रात जुगाराविरुद्धचा कायदा 1887 पासून आहे. कॅसिनोंना परवानगी देणारा 1976 चा कायदा कधी अमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये तो रद्दही झाला. म्हणून सरावात एक रुपयाही लावायचा नाही, गंमत म्हणूनही नाही. चिप्सवर 100, 500 छापलं आहे, ते लांबून पैशासारखं दिसतं. शिवाय त्या इतक्या हलक्या आहेत की थप्पी ढासळते. मोजणी वाढेल तशी बोली एकापासून आठपट नेण्याचा हात बसवायला चिंचोके चालतात, आणि चिंचोके बघून कुणाच्या भुवया वर जात नाहीत.

मॅट घडीवर उचलली जाते आणि पत्ता तिथे अडकतो. त्यापेक्षा टेबलावर जुनी सतरंजी दुहेरी घाला, आवाजही मरतो. पत्ते, शू आणि ट्रे सुटे मिळत असतील तर तेवढेच घ्या, आणि एक सातवा कॅट त्याच पाठीचा मागवून ठेवा. सहांपैकी एखाद्याची कडा आधी झिजते, आणि खूण पटलेला पत्ता सरावात राहिला की तपासणाऱ्याचा सगळा शीण वाया जातो.