बंदिस्त मेंढ्यांच्या कळपाची वाढ: अंदाजाच्या तीन पद्धतींचा तुलनात्मक आढावा

बंदिस्त पद्धतीने पैदाशीचा कळप उभा करणाऱ्याला जागा, चारा आणि भांडवल यांची तरतूद काही वर्षे आधीच करावी लागते, आणि त्यासाठी कळप किती वाढेल याचा अंदाज हाती असावा लागतो. हा अंदाज काढण्याच्या तीन पद्धती आहेत: एकच वार्षिक वाढदर धरून चक्रवाढ काढणे, वयोगटांचा तक्ता मांडून तो वर्षागणिक पुढे सरकवणे, आणि प्रत्येक मेंढीचे विणे-जगणे संगणकावर स्वतंत्रपणे ठरवत तोच कळप शेकडो वेळा वाढवून पाहणे. तिन्हींना एकच माहिती पुरवली तरी उत्तरांत मोठा फरक पडतो. त्यामुळे पद्धतीची निवड ही नुसत्या सोयीची बाब राहत नाही.

तुलनेसाठी एक काल्पनिक कळप घेऊ. त्यात पैदाशीच्या २० मेंढ्या आहेत, बाहेरून नवी मादी आणली जात नाही आणि वर्षाला एकच वेत घेतले जाते. दरवर्षी १०० पैकी ८५ मेंढ्या वितात, प्रत्येक वेताला सरासरी १.२ कोकरे होतात, जन्मलेल्यांपैकी ८५ टक्के कोकरे दूध तुटेपर्यंत जगतात आणि त्यांत निम्म्या माद्या असतात. म्हणजे दर मेंढीमागे वर्षाला साधारण ०.४३ मादी कोकरे हाती लागतात. प्रौढ मेंढ्यांची वार्षिक मरतूक ८ टक्के धरू.

चक्रवाढ पद्धतीत ०.४३ मधून ०.०८ वजा केले की वाढदर ३५ टक्के येतो, आणि २० मेंढ्यांच्या पाच वर्षांनी ९० मेंढ्या होतात. हे गणित दोन मिनिटांत उरकते, आणि कर्जाच्या प्रस्तावात ते शोभूनही दिसते. मात्र आज जन्मलेली मादी पुढच्याच वर्षी विणार, हे त्यात न सांगता गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात मेंढीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो, आणि पुरेसे वजन भरल्यावर दीड वर्षाच्या सुमारास तिला नराला दाखवली तर पहिले वेत दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस येते. शिवाय या पद्धतीला म्हातारी मेंढी आणि तरणी मेंढी सारखीच वाटते.

वयोगटांच्या तक्त्याने नेमकी हीच उणीव भरून निघते. लोकसंख्येचा असा हिशेब सारणीच्या रूपात मांडण्याची रीत पी. एच. लेस्ली यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केली, आणि प्राणिसंख्येच्या अभ्यासात ती आजही पायाभूत मानली जाते. कळपासाठी तिचे अगदी साधे रूपही पुरते. यंदाच्या विणाऱ्या मेंढ्यांपैकी ९२ टक्के पुढच्या वर्षी उरतात, आणि यंदा दूध तुटलेल्या मादी कोकरांपैकी, समजा, ९० टक्के दोन वर्षांनी पहिल्यांदा विणाऱ्यांत येऊन मिळतात. या हिशेबाने विणाऱ्या मेंढ्यांची संख्या पहिल्या वर्षी २०, दुसऱ्या वर्षी १८, तिसऱ्या वर्षी २५, मग ३०, ३७ आणि सहाव्या हंगामात ४६ अशी जाते. दुसऱ्या वर्षी विणाऱ्या मेंढ्यांची संख्या घटते, पण चारा खाणाऱ्या कोकरांची वाढते. नव्या पालकाची कोंडी होते ती याच वर्षी, आणि चक्रवाढीचे गणित त्या वर्षासाठी २७ मेंढ्यांचा भरवसा देत असते. पुढे वाढ स्थिरावल्यावरही तिचा वेग वर्षाला २३ टक्क्यांच्या आसपासच राहतो, ३५ टक्क्यांच्या नव्हे.

तक्त्याचा याहून मोठा उपयोग खरेदीच्या निर्णयात होतो. वरच्या हिशेबात म्हातारपणी मेंढ्या काढून टाकणे धरलेले नाही. विकत घेतलेल्या सर्व मेंढ्या पहिल्या वेताला चार वर्षांच्या असतील आणि सात वर्षे वयाच्या वेतानंतर त्या कळपातून काढायच्या असतील, तर मूळच्या मेंढ्या चौथ्या हंगामानंतर एकदमच संपतात आणि सहाव्या हंगामात ४६ ऐवजी ३२ मेंढ्याच विणतात. म्हणून मिश्र वयाच्या मेंढ्या घेणे, किंवा निदान दात पाहून वय नोंदवणे, हे विणण्याच्या टक्केवारीवर वाद घालण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

कोणत्या आकड्याला जपावे हेही तक्ता दाखवतो. कोकरांच्या जगण्याचे प्रमाण ८५ वरून ८० टक्क्यांवर आले, तर वार्षिक वाढ जेमतेम दीड टक्क्याने घटते. प्रौढ मेंढ्यांच्या जगण्यात मात्र तेवढीच पाच टक्क्यांची घट झाली, तर वाढ सुमारे चार टक्क्यांनी खाली येते. कोकरे मेलेली चटकन डोळ्यांत भरतात. प्रौढ मेंढी गेली की तिच्याबरोबर तिची पुढची सगळी वेतेही जातात.

तिसऱ्या पद्धतीत सरासरीऐवजी पल्ला मिळतो. २० मेंढ्यांपासून वर्षाला सरासरी ८-९ मादी कोकरे हाती येतील, हे खरे. पण केवळ योगायोगाने ती एखाद्या वर्षी ४ तर एखाद्या वर्षी १३ होऊ शकतात, आणि पहिल्याच वर्षी ४ झाली तर त्याचे पडसाद पुढच्या प्रत्येक वर्षी उमटतात. कळप मोठा झाला की हा योगायोगाचा भाग विरळ होतो. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथीचा रोग) किंवा आंत्रविषार (आतड्यातील जिवाणूंच्या विषाने होणारा आजार) यांसारखा रोग एकाच वर्षी सगळ्या कळपाला झोडपतो तो धोका मात्र संख्या वाढल्याने कमी होत नाही. तो अशी वाईट वर्षे अधूनमधून घालूनच सिम्युलेशनमध्ये, म्हणजे या संगणकी प्रयोगात, आणावा लागतो. ही वर्षे किती वेळा येतील हे सांगणारी माहिती नसेल, तर या पद्धतीची अचूकता बरीचशी दिखाऊ ठरते. दुर्मीळ जातीचे जतन करणाऱ्यांना ती टाळता येत नाही, कारण त्यांना सरासरी वाढीपेक्षा कळप नामशेष होण्याची शक्यता जाणून घ्यायची असते.

निवड करायची तर ज्याचा कळप दहा वर्षे स्थिर आहे आणि ज्याला फक्त पुढच्या वर्षाचा ढोबळ आकडा हवा आहे, त्याला चक्रवाढ पुरे. नवा कळप उभारणाऱ्याने वयोगटांचा तक्ताच वापरावा, आणि मेंढ्या ३० पेक्षा कमी असतील तर त्याच्या उत्तराभोवती बऱ्या-वाईटाची रुंद मर्यादा आखावी. वर्षातून एकदा न घेता आठ महिन्यांनी वेत घेणाऱ्याने तक्त्याची पायरी आठ महिन्यांची करावी. वर्षाच्या आकड्याला सरळ दीडपट करू नये, कारण प्रत्येक मेंढी दर वेळी वेळेत गाभण राहत नाही.

गोठ्याची जागा ठरवताना विणाऱ्या मेंढ्यांचा आकडा अपुरा पडतो. सहाव्या हंगामात ४६ मेंढ्यांसोबत वर्षभराच्या सुमारे १५ माद्या आणि दूध तुटलेली नर-मादी मिळून ३९ कोकरे असतील, म्हणजे नर धरून शंभरावर जनावरे. हा आकडा ९० च्या जवळ असल्यामुळे चक्रवाढ बरोबर ठरत नाही. त्या ९० या सगळ्या पैदाशीच्या मेंढ्या म्हणून मोजल्या होत्या.

तिन्ही पद्धतींच्या साध्या रूपात नराचा विचार येत नाही. एक नर आणि २० मेंढ्या असलेल्या कळपाची प्रभावी संख्या (नर-मादी समसमान असलेल्या किती जनावरांच्या कळपाइतका तो ठरतो, ती संख्या) जनुकीय दृष्टीने चारच्याही खाली, सुमारे ३.८ असते, आणि कळप बंद ठेवला तर रक्तसंबंध दर पिढीला साधारण १३ टक्क्यांनी वाढतो. दोन नर ठेवल्यास ही वाढ सुमारे ७ टक्के राहते. संवर्धनासाठी ती १ टक्क्याच्या आत, म्हणजे प्रभावी संख्या किमान ५०, असावी असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि तेवढी संख्या छोट्या कळपाला नर बाहेरून आणल्याशिवाय गाठता येत नाही. पहिल्या वर्षीच्या मुली तिसऱ्या हंगामाच्या वेतासाठी नराला दाखवल्या जातात. म्हणून एक नर दोन हंगामच वापरावा, आणि त्याच्या बदलीचा खर्च तक्ता मांडतानाच त्या वर्षाच्या रकान्यात लिहून ठेवावा.