पिकअपचा ऑइल फिल्टर: काळं रबर की सिलिकॉन?

वॉरंटी चालू असेल तर कंपनीचाच फिल्टर टाका. ती संपली की पार्ट्सच्या दुकानात दोन प्रकार समोर येतात: गाडी बंद असताना फिल्टरमधलं ऑइल अडवून धरणारी आतली झडप साध्या काळ्या नायट्राइल रबराची, नाहीतर सिलिकॉनची, जी बहुधा लालसर किंवा केशरी असते. मी दोन्ही वापरलेत.

माझी डिझेल पिकअप निफाडहून द्राक्षाचे क्रेट घेऊन वाशी मार्केटला जाते. कसारा घाटात, भरल्या गाडीत दोन्ही फिल्टर सारखेच चालले. काळ्या रबराचा स्वस्त पडतो आणि तालुक्याला कुठल्याही दुकानात मिळतो, हे त्याचं मोठं सुख.

मला छळलं ते पहाटेच्या आवाजानं. ऐन हंगामात आमच्याकडे कडाक्याची थंडी. फिल्टर बदलून अडीच-तीन महिने झाले की सेल्फ मारल्यावर ऑइलचा दिवा विझेना. तीन-चार सेकंद तसाच, आणि तोवर टॅपेटची खडखड. मग गाडी एकदम ठणठणीत. ऑइलची ग्रेड बदलली, मिस्त्रींनी गेज लावून प्रेशर तपासलं, तेही व्यवस्थित. शेवटी सकाळी गाडी चालू न करताच फिल्टर खोलला, तर अर्ध्याहून जास्त रिकामा! माझ्या गाडीत तो आडवा बसतो. रात्रभर त्यातलं ऑइल झडपेनं अडवून धरायचं, पण इंजिनच्या उष्णतेनं रबर कडक होऊन ते नीट टेकतच नव्हतं. ऑइल इंजिनच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरायचं, आणि सकाळी पंप आधी फिल्टर भरणार, मग बेअरिंग आणि टर्बोला ऑइल पोचणार. रोज पहाटे ते तेवढा वेळ कोरडे फिरत होते, हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं.

सिलिकॉन उष्णतेनं लवकर कडक होत नाही. तो टाकून दोन हंगाम झाले, दिवा लगेच विझतो, खडखड नाही. हे माझ्या कानांचं मोजमाप, एका गाडीवरचं.

महाग आहे आणि आमच्याकडे सांगून मागवावा लागतो. घेताना फिल्टरच्या तोंडावरच्या छोट्या भोकांतून झडपेचा रंग बघा. आटेही जुळवून घ्या. 20 मिलिमीटरचे आणि पाऊण इंचाचे आटे नजरेला सारखेच दिसतात, त्यामुळे हातानं फिरवताना अडला तर पान्यानं जोर लावू नका. जुनी रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, तेही बघा. तिच्यावर नवीन बसली की ऑइल बाहेर फेकलं जातं.

तुमच्या गाडीत फिल्टर तोंड वर करून उभा बसत असेल, किंवा गाडी रात्रंदिवस फिरत असेल, तर काळ्या रबरानंही भागेल, उगाच खर्च नको. पण रात्रभर अंगणात उभी राहून पहाटे चारला भाड्यावर निघणारी गाडी असेल, तर मला सिलिकॉनच बरा वाटतो. हंगामाआधी मी दोन एकदम मागवून ठेवतो.