पंढरपूरचा चंद्रभागेवरचा नवा पूल, ४ स्टार (पाचवा आजीनं कापला)

सोलापूरहून मोहोळमार्गे पंढरपूरला महिन्यातनं एकदा तरी जाणं होतंच, त्यामुळं हा रिव्ह्यू काय एका फेरीचा नाही.

आधी चांगलं सांगतो. पावसाळ्यात निघायच्या आधी पाव्हण्यांना फोन लावून "पूल चालू हाय का ओ?" विचारायचं बंद झालं. जुना दगडी पूल बुटका हाय, उजनीतनं पाणी सोडलं अन् त्यात वीर धरणाचं पाणी नीरेतनं येऊन नरसिंहपूरला भीमेत मिळालं की पंढरपुरात पहिला तोच बुडतो, मग बॅरिकेड, पोलीस अन् मोबाईल धरून पाणी बघत उभी असलेली पब्लिक. नवा पूल उंच, मला तरी अजून कधी माघारी फिरावं लागलं नाही. ३ स्टार तर ह्याचेच.

आता गचके. जॉइंट आला की धडक, परत जॉइंट परत धडक. आपल्याकडं उन्हाळ्यात ४२-४३ डिग्री जातंय, काँक्रीट फुगतं म्हणून मधी फट ठेवावीच लागते, मान्य हाय, पण फट अन् डांबर एका लेव्हलला आणायला काय होतंय? मागच्या वेळी आजीच्या मांडीवरच्या डब्याचं झाकण उडालं अन् धपाटे सीटखाली, शेंगाचटणी सगळ्या मॅटवर.

पण आजीची तक्रार वेगळीच. तिला पुलावरनं चंद्रभागेत नाणं टाकायचं असतं. लहानपणी म्हणे ती होडीतनं पलीकडं जायची, हात घातला की पाणी लागायचं, मग दगडी पुलावरनं टाकायला लागली. नव्या पुलावर मागनं ट्रक हॉर्न मारतोय, गाडी थांबवायची सोय नाही, अन् ही काच खाली करून म्हणते "थांबिव की रं जरा". चालत्या गाडीतनं टाकलं तर नाणं कठड्याला आपटून परत रस्त्यावर, टण्ण आवाज आला. आजीचं तोंड बघण्यासारखं झालं.

दर्शन करून निघताना पाणी कमी होतं म्हणून मुद्दाम दगडी पुलावरनं आणलं तिला. कठड्याला जलपर्णी अडकून वाळलेली, वास पण येत होता. आजीनं दोन नाणी टाकली, एक सकाळचं राहिलेलं.